मिसळण्यामागचा हेतू : मिश्रपेयांच्या इतिहासाची प्रस्तावना

कॉकटेलच्या इतिहासावरची बहुतेक पुस्तके १३ मे १८०६ या तारखेपासून सुरू होतात. त्या दिवशी न्यूयॉर्क राज्यातील हडसन गावी निघणाऱ्या ‘द बॅलन्स अँड कोलंबियन रिपॉझिटरी’ या वृत्तपत्राने एका वाचकाच्या शंकेला उत्तर देताना कॉकटेल म्हणजे काय, हे छापले : कोणतीही गाळीव दारू, साखर, पाणी आणि कडू अर्क. पुढे १८६२ मध्ये जेरी थॉमस या बारटेंडरने मिश्रपेयांच्या कृतींचे पुस्तक काढले. बर्फाचा व्यापार वाढला. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती, तेव्हा तिथले कसबी बारटेंडर देशोदेशी पांगले. ही हकिगत खरी आहे आणि तिच्या जागी ती सांगितलीच पाहिजे. पण तिलाच सगळा इतिहास मानले की दोन चुका होतात. मिश्रपेय ही बारच्या काउंटरवर जन्मलेली गोष्ट ठरते आणि तिचा इतिहास म्हणजे नशेचा इतिहास, असे आपण धरून चालतो. मग मराठी वाचकाला, विशेषतः धाराशिवसारख्या कोरडवाहू जिल्ह्यातल्या वाचकाला, या विषयाशी आपला काही संबंध आहे असे वाटत नाही. त्याच्या लेखी कॉकटेल मुंबईच्या हॉटेलातले असते आणि गावात असते ती फक्त दारू.

मला जे मांडायचे आहे ते याच्या उलट आहे. पेये मिसळण्याच्या विद्येचे मूळ काम तीव्रता आवरणे हे होते. फार गोड, फार आंबट, फार तिखट किंवा फार मादक असलेले काही घ्यायचे आणि दुसऱ्या पदार्थांनी त्याला तोलावर आणायचे, म्हणजे ते अनेकांनी एकत्र बसून पिण्याजोगे होते. पेय मादक आहे की नाही, हा प्रश्न या विद्येत दुसरा येतो. ज्या काळी पेय घराच्या, उत्सवाच्या किंवा पंगतीच्या ताब्यात होते, त्या काळी मिसळणे तोलाच्या बाजूने राहिले. ते कराच्या आणि नफ्याच्या ताब्यात गेले, तेव्हा मिसळण्याची कला एकतर संपली किंवा उलट्या दिशेने, तीव्रता वाढवण्यासाठी, वापरली गेली. म्हणून कोणत्याही मिश्रपेयाला दोन प्रश्न विचारावेत : हे कशासाठी मिसळले आणि हे कोण कोणाबरोबर प्याले? या प्रश्नांची उत्तरे शोधायला धाराशिव जिल्हा फार चांगली जागा आहे. तेरचे प्राचीन बाजारपेठेचे अवशेष, सीमेपलीकडची चालुक्यांची राजधानी कल्याणी, येळवसेच्या दिवशी शेतात जाणारी आंबील, निजामाच्या अबकारीविरुद्ध उभे राहिलेले आंदोलन आणि आजच्या साखर कारखान्यांची मळी, असा दोन हजार वर्षांचा पुरावा इथे एका दिवसाच्या प्रवासात सापडतो.

सुरुवात तेरपासून करावी. आज आपण त्याला संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून ओळखतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या मार्गदर्शिकेत, ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रंथात, तगर नावाच्या मोठ्या शहराचा उल्लेख येतो. भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, अशी त्याची जागा सांगितली आहे. तगरहून जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जाई. हे तगर म्हणजेच तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये साधार दाखवले. त्याच मार्गदर्शिकेत भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत द्राक्षाची मदिरा आहे, आणि तीत इटलीच्या मदिरेला पहिली पसंती असे, असेही नोंदवले आहे. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेई शहराच्या अवशेषांत मिळालेल्या भारतीय मूर्तीशी नाते सांगते. म्हणजे कापड, हस्तिदंत आणि मदिरा एकाच व्यापारी जाळ्यात फिरत होती. त्यावरून तेरच्या घरोघरी इटलीची मदिरा प्यायली जात होती असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल, आणि माझ्या मुद्द्याला त्याची गरजही नाही. मुद्दा असा, की त्या जाळ्याच्या दोन्ही टोकांना मिसळण्याची रीत होती आणि तिचा हेतू सारखाच होता. ग्रीक आणि रोमन लोक मदिरेत पाणी घालूनच पीत. ग्रीकांच्या मेजवानीत एक मोठे भांडे केवळ मदिरा आणि पाणी एकत्र करण्यासाठी ठेवलेले असे, आणि नुसती मदिरा पिणे हे रानटीपणाचे लक्षण समजले जाई. रोमन लोकांच्या मसालेदार मदिरेत मध आणि मिरी पडे, आणि ती मिरी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून जात असे.

आपल्या बाजूचा पुरावा याहून स्पष्ट आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे प्रकार दिले आहेत, आणि काहींच्या कृती मापांसह आहेत. मैरेयासाठी मेषशृंगीच्या सालीचा काढा, गूळ, पिंपळी, मिरी आणि त्रिफळा हवा. आसवासाठी कवठ, काकवी आणि मध. इथे एक आक्षेप रास्तपणे येतो : हे मसाले आंबवण्याआधी पडतात, तेव्हा याला मिश्रपेय कसे म्हणायचे? मिसळणे म्हणजे तयार पेये प्यायच्या वेळी एकत्र करणे. हा फरक मी मान्य करतो आणि मैरेयाला कॉकटेलचा पूर्वज ठरवण्याचा मोह टाळतो. पण प्यायच्या वेळी मिसळण्याचा पुरावाही आहे. सुमारे सातव्या शतकातल्या वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ऋतुचर्येचा अध्याय आहे. त्यात उन्हाळ्यात मद्य पिऊ नये, प्यायचेच तर अगदी थोडे किंवा भरपूर पाणी घालून प्यावे, असे सांगितले आहे. लगेच पुढे पंचसार नावाचे पानक येते : पाच सारद्रव्यांचे, किंचित आंबट, कोऱ्या मातीच्या भांड्यात गार केलेले आणि मातीच्याच लहान पात्राने प्यायचे. एकाच अध्यायात मद्य सौम्य करण्याची सूचना आणि मद्याविना मिश्रपेयाची शिफारस शेजारी शेजारी यावी, हे मला फार महत्त्वाचे वाटते. वैद्याच्या लेखी ती दोन वेगळी जगे नव्हती. उन्हाच्या, तहानेच्या आणि पित्ताच्या तीव्रतेला आवर घालायचा, हे दोन्हींचे काम होते.

पाच शतकांनंतर हीच दृष्टी आपल्याला उमरग्यापलीकडच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात दिसते. धाराशिवचा प्रदेश तेव्हा चालुक्यांच्या राज्यात होता. राजा सोमेश्वर तिसरा याने सुमारे ११३० मध्ये मानसोल्लास हा संस्कृत ज्ञानकोश रचला. त्यात राजाच्या उपभोगांत अन्नाइतकाच विचार पाण्याचा आणि पानकांचा केला आहे. कोणत्या ऋतूत कुठले पाणी प्यावे, ते फुलांनी आणि सुगंधी चूर्णांनी कसे वासित करावे, फळांचे रस आणि गाळलेले आंबट द्रव साखरेने आणि वेलदोड्याने कसे तोलावेत, याची चर्चा त्यात आहे. याच ग्रंथात पुढे राजाच्या क्रीडांमध्ये मदिरापानक्रीडाही आहे. पानक आणि मदिरा यांना वेगवेगळ्या जागा दिल्या आहेत, हे ध्यानात घ्यावे. रोजच्या जेवणाला पानक लागते, तर मदिरा हा ठरावीक प्रसंगाचा खेळ आहे. मिसळण्याचे कसब दोन्हींकडे लागते, पण त्याचा मोठा हिस्सा मादक नसलेल्या पेयांवर खर्च होतो. म्हणून मिश्रपेयांच्या इतिहासातून पन्हे, पानक आणि सरबत वगळणाऱ्या पुस्तकाने त्या कलेचा बराचसा भाग आधीच टाकून दिलेला असतो.

यावर कोणी म्हणेल की राजे, वैद्य आणि अमात्य यांच्या संस्कृत ग्रंथांवरून कुळंबी माणसाच्या पेल्याबद्दल काय कळते? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर पोथीत मिळणार नाही, ते शेतात मिळेल. मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे वेळ अमावस्येला, धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांतली गावे ओस पडतात, कारण सगळी माणसे शेतावर गेलेली असतात. या सणाला इथले लोक येळवस म्हणतात. कडब्याची कोप करून तिच्यात पांडव मांडायचे, पूजा करायची, भज्जी, उंडे आणि बाजरीचे पदार्थ वाढायचे, आणि या सगळ्याच्या मध्यभागी असते आंबील. ज्वारीचे पीठ ताकात भिजवून आंबवायचे, शिजवायचे, त्यात लसूण, जिरे, मिरची, कोथिंबीर आणि मीठ घालायचे आणि मातीच्या भांड्यातून डोक्यावर वाहून शेतात न्यायचे. आंबट ताकाला पिठाचा मऊपणा आवरतो, पिठाच्या सपकपणाला लसूण-मिरची जागी करते आणि थंडीतल्या उन्हात दिवसभर बसायला पोटाला आधार होतो. हीच ती तोलाची विद्या, आणि ती इथल्या बायकांच्या हातात माप न लिहिता पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर याहून ठसठशीत आहे. आंबील पहिल्यांदा पिकावर शिंपडतात, मग घरच्यांना मिळते, मग शेजाऱ्याला, आणि ज्याचे स्वतःचे शेत नाही अशा माणसालाही त्या दिवशी कोणी ना कोणी आग्रहाने बोलावून नेते. इथे पेय एकट्यासाठी कोणी करतच नाही. गुढीपाडव्याला कडुनिंबाचा मोहोर, चिंच आणि गूळ एकत्र करून घेतात, तुळजापूरला भवानीमातेला दूध, दही, तूप, मध आणि साखर यांच्या पंचामृताचा अभिषेक होतो आणि त्याचे तीर्थ ओंजळीत मिळते. कडू, आंबट आणि गोड एकत्र बांधायची सवय इथल्या देवाधर्मातच मुरलेली आहे.

याच सवयीतून सतराव्या शतकात जगातले पहिले दूरवर पसरलेले मादक मिश्रपेय निघाले. त्याचे नाव पंच. ईस्ट इंडिया कंपनीच्या एका नोकराच्या १६३२ सालच्या पत्रात त्याचा उल्लेख आहे. १६३८ मध्ये सुरतेच्या इंग्रज वखारीत आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर यांचे पेय नोंदवले. बर्निये या फ्रेंच प्रवाशाने बंगालमधल्या अशाच पेयात जायफळ सांगितले, आणि १६७० च्या दशकात इथे आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरने नेरूळच्या अराकाची, म्हणजे तिथल्या गाळीव दारूची, तारीफ करताना किनाऱ्यावरचे इंग्रज पाच पदार्थांचे हे पेय करतात, असे लिहून त्याच्या नावाचा संबंध पाच या संख्येशी जोडला. नावाच्या उगमाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि मी त्यावर काही उभे करत नाही. पदार्थांची यादीच पुरेशी बोलकी आहे. अराक, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला यांपैकी एकही वस्तू इंग्लंडहून यायची गरज नव्हती, आणि आंबट-गोड-सुगंधी पाण्याची रचना वाग्भटाच्या आणि सोमेश्वराच्या पानकांत आधीच तयार होती. त्या रचनेत दारू कोणी प्रथम ओतली, खलाशाने की इथल्या खानसाम्याने, याने फारसा फरक पडत नाही. दारू त्या पेयात पाहुणी म्हणून आली, घर पानकाचेच होते. आणि पंच मोठ्या भांड्यात करून सगळ्यांनी मिळून प्यायचे पेय होते, हे विसरता कामा नये.

मग अमेरिकन कॉकटेलचे वेगळेपण कशात? आता याचे उत्तर देता येते. जेरी थॉमसच्या १८६२ च्या पुस्तकात पहिला मान पंचलाच आहे, त्यामुळे वंशावळ स्वतः त्या परंपरेनेच कबूल केलेली आहे. पण १८०६ च्या व्याख्येतल्या कॉकटेलमध्ये लिंबू नाही, पाणी थोडे आणि दारूच मुख्य आहे. मोठ्या भांड्याच्या जागी एकट्याचा ग्लास आला, पंगतीच्या जागी काउंटर आला, आणि पेय सौम्य करण्यापेक्षा दारूला चव आणणे हा मिसळण्याचा हेतू झाला. यात कसब नव्हते असे मी म्हणत नाही. बर्फाचा वापर, कडू अर्कांचे थेंब, मापाची काटेकोर शिस्त ही त्या बारटेंडरांची खरी कमाई आहे आणि ती आपण त्यांच्याकडून शिकायची आहे. ‘सगळे आमच्याकडेच होते’ असा या प्रस्तावनेचा सूर समजण्याची चूक कोणी करू नये. पण दिशा कुठे वळली, हे सांगितले पाहिजे. तीव्रता आवरण्यापासून मिसळणे तीव्रता सजवण्याकडे वळले.

आपल्याकडे हे वळण सजावटीच्या वाटेने आले नाही, अबकारीच्या वाटेने आले. धाराशिवचा प्रदेश १८५३ ते १८६० ही वर्षे इंग्रजांकडे होता, एवढा काळ सोडला तर १९४८ पर्यंत तो निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या मोठ्या उत्पन्नांपैकी एक अबकारीचे होते. शिंदीच्या झाडावर, तिच्या रसावर आणि मोहाच्या दारूवर कर होता, विक्रीचे मक्ते गुत्तेदारांकडे जात आणि गावच्या गुत्त्यात जो माल येई तोच प्यावा लागे. ज्याच्या हाती मक्ता, त्याला पेयाच्या चवीशी, ऋतूशी किंवा प्रसंगाशी देणेघेणे नव्हते. माल किती खपला एवढाच त्याचा हिशेब होता. म्हणूनच शिंदीचे झाड हे लोकांच्या मनात परकीय सत्तेच्या तिजोरीचे चिन्ह झाले. हैदराबाद मुक्तिसंग्रामात १९४७-४८ मध्ये स्टेट काँग्रेसने जंगल सत्याग्रहाबरोबर शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम दिला, तो या उत्पन्नावर घाव घालण्यासाठी. त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ घडले ते याच जिल्ह्यात, लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत. १९२१ मध्ये सुरू झालेल्या त्या शाळेचे ते मुख्याध्यापक होते. पेयाचा इतिहास हा स्वातंत्र्याच्या इतिहासाला किती जवळून भिडतो, याचे याहून ठळक उदाहरण मराठवाड्यात शोधून सापडणार नाही.

इथे जाणकार वाचक मला अडवील. कर तर कौटिल्याच्या काळीही होता, सुराध्यक्ष हा सरकारी अधिकारीच होता, मग दोष अबकारीचा कसा? उत्तर त्याच प्रकरणात आहे. कौटिल्याने पाळत आणि कर ठेवला, पण कुटुंबांना मंगलकार्यांसाठी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा दिली, आणि उत्सव, समाज व यात्रा यांच्या वेळी चार दिवसांची मोकळीक दिली. म्हणजे करवसुली असूनही घराच्या हातातले कसब त्याने काढून घेतले नाही. आधुनिक अबकारीने ते काढून घेतले. याची उलट साक्ष गोवा देतो. तिथे काजूची आणि माडाची भट्टी कुटुंबांच्या हाती राहिली, मुंबई राज्याची दारूबंदी तिथे पोचलीच नाही, आणि तिथे उर्राकात, म्हणजे काजूच्या सौम्य दारूत, लिंबू, मीठ आणि मिरची घालून उन्हाळ्यात प्यायची रीत आजही चालू आहे. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जिथे घरचे कसब टिकले तिथे मिसळणेही टिकले.

धाराशिवात उरले काय? १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याची पुढची वाटचाल, १९७३ चे देशी दारूचे नियम आणि साखर कारखान्यांची वाढ यांनी आजचे चित्र घडवले. उसाची मळी आंबवून स्पिरिट काढायचे आणि त्याला पाणी व अर्क घालून बाटलीत भरायचे. देशी दारूच्या बाटलीवरचे संत्र्याचे नाव आणि तिच्यातली संत्र्याची चव हा मिसळण्याच्या कलेचा कारखान्यात उरलेला अवशेष आहे. विदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या भारतीय दारूत शेकडा ४२.८ मद्यार्क असतो, तर ताज्या शिंदीत तो शेकडा चार-पाचच्या आसपास. ही दहापट तीव्र गोष्ट पाण्याविना, अन्नाविना, पटकन गुत्त्यात उभ्याने घशाखाली घालणे, हे आज पिण्याचे सर्वांत सामान्य रूप झाले आहे. आणि जिथे मिसळणे होते, तिथे ते उलट्या हेतूने होते. हातभट्टीत नवसागर पडतो तो झटका वाढवण्यासाठी. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात दारू म्हणून मिथेनॉल विकले गेले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. मिश्रण हा शब्द तिथेही लागू होतो, पण ते मिश्रण नफ्यासाठी होते आणि पिणाऱ्याला त्यात काय आहे हे ठाऊक नव्हते. म्हणूनच मी सुरुवातीला म्हटले की मिसळण्याचा हेतू विचारल्याशिवाय मिश्रपेयांचा इतिहास लिहिता येत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र शेवटी घ्यायला हवा. मिसळल्याने दारू गोड होते, घशाला लागत नाही आणि म्हणून जास्त प्यायली जाते; मग मिश्रणाला तोलाची विद्या म्हणणे ही स्वतःची फसवणूक नाही का? आणि ज्या जिल्ह्यात दुष्काळ आणि कर्ज पाचवीला पुजलेले आहेत, जिथल्या बायका ‘उभी बाटली की आडवी बाटली’ अशा दारूबंदीच्या मतदानासाठी रांगा लावतात, तिथे या विषयावर पुस्तक कशाला? पहिल्या भागाला माझे उत्तर असे : गोडव्यामागे तीव्रता लपवणारे पेय तोलाचे नाहीच. पंचमध्येही तो धोका होता आणि फ्रायर व बर्निये दोघांनीही या पेयाने माणसे खचतात, असे नोंदवून ठेवले आहे. तोलाची खूण चवीत शोधू नये, प्यायल्यावर माणूस कसा राहतो त्यात शोधावी. या कसोटीवर आंबील आणि पंचसार उतरतात, बहुतेक कॉकटेल उतरत नाहीत, आणि हे पुस्तक ते लपवत नाही. दुसऱ्या भागाला उत्तर असे : बाटली आडवी करणाऱ्या बायका आणि आंबील करणाऱ्या बायका एकच आहेत. त्यांचा विरोध पिण्याच्या प्रत्येक प्रकाराला नसून घर फोडणाऱ्या, एकट्याने ढोसायच्या, मापाविना विकल्या जाणाऱ्या दारूला आहे. त्यांच्या बाजूने इतिहास उभा करायचा असेल तर तो नुसत्या निषेधाचा असून भागत नाही. दारूशिवाय एकत्र बसून पिण्याची, तोल राखणारी, चवीला श्रीमंत अशी एक परंपरा याच मातीत होती आणि अजून थोडी उरली आहे, हे दाखवणे त्यांच्या लढ्याला बळ देते. व्यसनाच्या प्रश्नाला इतिहास औषध नाही, हे खरे. पण एखाद्या समाजाने काय गमावले हे त्याला कळले नाही, तर बंदी आणि गुत्ता यांच्यापलीकडे त्याला तिसरी वाट दिसत नाही.

म्हणून या विषयात शिरताना वाचकाने कॉकटेलच्या नावांपेक्षा मापांकडे लक्ष द्यावे, बारपेक्षा भांड्यांकडे, आणि कोण पितो यापेक्षा कोणाबरोबर पितो याकडे. तेर, कल्याणी, सुरत, हडसन आणि मालवणी ही एकाच इतिहासाची ठिकाणे आहेत, आणि त्या इतिहासाची शिकवण माझ्या मते स्पष्ट आहे : मिसळणे जोवर वाटून घेण्याशी जोडलेले असते तोवर ते माणसाला सांभाळते, आणि विक्रीपुरते उरले की ते त्याला फसवते. या निष्कर्षाशी कोणाला वाद घालायचा असेल तर त्याने जरूर घालावा, कारण विषय अजून नवा आहे आणि पुरावे गोळा करायचे काम अर्धेही झालेले नाही. वाचकांकडे एक मागणे मात्र आहे. येणाऱ्या येळवसेला तुमच्या घरात आंबील कोण करते, त्या बाईला तिची कृती विचारा : पीठ किती, ताक किती, किती वेळ आंबवायचे, लसूण कधी घालायचा. आणि ती मापासह, तिच्या नावानिशी लिहून ठेवा. सोमेश्वराची पानके पोथीत लिहिली गेली म्हणून आपल्याला आज कळतात. धाराशिवची आंबील अजून कोणी तशी लिहिलेली नाही.